माझा नंबर कधी? आर.सी. (रिमोटवरच्या) हेलिकॉप्टर मेळाव्यात उडवायच्या वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळावा जवळ आला की ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. मग मेळाव्याच्या दिवशी बोर्डापाशी येऊन कोणीतरी तेच पुन्हा विचारतं, तेही माझी हेली हवेत असताना. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बोर्ड मी सांभाळतो, म्हणजे कोण कधी उडवणार ते बघायचं आणि त्याबद्दल दिवसभर बोलणी खायची. मैदान कर्जतच्या बाजूचं, भात कापून झाल्यावर शेतमालक देतात ते. येणारे बहुतेक मुंबई-ठाण्याचे, थोडे पुणे-नाशिकचे. गेल्या खेपेला चाळीसच्या आसपास पायलट होते.

आकाश एवढं मोकळं आहे, मग नंबर कशाला लावायचा?

आकाश मोकळं आहे, पण त्यातला आपल्या कामाचा तुकडा लहान आहे. सातशेच्या साइजच्या, म्हणजे आपल्यातल्या मोठ्या, हेलीचा रोटर जेमतेम दीड-पावणेदोन मीटरचा. ती शंभर मीटरच्या पलीकडे गेली की नाक कुठलं आणि शेपूट कुठली हे चांगल्या नजरेच्या माणसालाही कळेनासं होतं. ती गल्लत झाली की पुढच्या दोन सेकंदांत हेली शेतात. विमानवाल्यांसारखी लांबून चक्कर मारून येणं आपल्याला परवडत नाही. त्यामुळे सगळे उडवणार ते समोरच्या त्याच पट्ट्यात.

आता हिशोब बघा. हेडस्पीड, म्हणजे रोटरचे मिनिटाला फेरे, २००० धरला तर पात्याचं टोक ताशी सुमारे ६०० किलोमीटरनं फिरत असतं, आणि मशीन पाचेक किलोचं. आझाद मैदानात २२ खेळपट्ट्या आहेत. एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या स्लिपमध्ये उभा असतो आणि तरी सगळं चालतं, कारण चुकला तर चेंडू नडगीवर बसतो, तिथे काळं-निळं होतं आणि संपलं. इथे तसं नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत स्वतःचीच हेली लागून एका तरुण पायलटचा जीव गेला होता, आणि तो काही नवखा नव्हता. म्हणून आम्ही चारच जागा आखतो, दोन जागांमध्ये ३० मीटर सोडतो, आणि मैदानात आणखी जागा दिसत असली तरी पाचवा माणूस उभा करत नाही.

आता सगळ्यांचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचे आहेत. मग बोर्डाची गरजच काय?

हा प्रश्न नेहमी पस्तिशीच्या आतला माणूस विचारतो. रेडिओत क्रिस्टल बसवून चॅनेल ठरवायचे, त्या काळात चॅनेल मोजके असायचे. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मॉडेल विमानं आणि हेलींसाठी ५० चॅनेल होते, ११ ते ६० नंबरचे. तुमच्या चॅनेलवर दुसऱ्या कोणी ट्रान्समीटर चालू केला की तुमची हवेतली हेली गेलीच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावर एक बोर्ड असायचा, प्रत्येक चॅनेलची एक पिन, आणि पिन हातात आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही. चाळीतल्या नळावर हंडा ठेवून नंबर लावायचे ना, अगदी तसं. हंडा आहे म्हणजे माणूस आहे.

२००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झ आलं, रेडिओ आपापसात भांडायचे थांबले आणि पिन गेली. पिन होती ती रेडिओसाठी, पण तिनं जाता जाता दुसरंही एक काम केलेलं होतं: उडवून झालं की पिन परत आणून लावायलाच लागायची, कारण तिची वाट बघत दुसरा कोणी उभा असायचा. ही फुकटची शिस्त पिनेबरोबर गेली. मग जो दांडगा तो दिवसभर लाइनवर (उडवायच्या जागेवर), आणि बाकीचे खुर्च्या टाकून त्याचे व्हिडिओ काढतायत, असं व्हायला लागलं. म्हणून आम्ही पिन परत आणली, फक्त आता ती रेडिओची नाही, माणसाची आहे.

चिमटा म्हणजे नक्की काय? ग्रुपवर सगळे "चिमटा लाव" म्हणतात.

कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा. प्लायवूडच्या बोर्डावर चार दोऱ्या ताणल्यात, एकेका जागेची एकेक. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकाला एक चिमटा मिळतो. एकच. तुम्हाला उडवायचं असेल तेव्हा कुठल्याही एका दोरीच्या शेपटाला तो लावायचा. पुढचे चिमटे सरकत जातात तसा तुमचाही डावीकडे सरकतो. पहिला आला की तो काढून ट्रान्समीटरच्या गळपट्ट्याला लावायचा आणि लाइनवर जायचं. गळ्यात चिमटा नसलेला माणूस लाइनवर दिसला की कोणीही त्याला हटकू शकतं, वयाचा मान न ठेवता.

चिमटा एकच असल्यामुळे माणूस एकाच दोरीवर असतो. "माझा इथेही लाव आणि तिथेही लाव" ही सोय नाही. मित्राचा चिमटाही लावायचा नाही; लावायला हवं त्यानं स्वतः चालत यायचं. (एकदा कोणीतरी दोरीवर चप्पल अडकवून गेला होता. ती अजून माझ्या डिकीत आहे.)

चिमट्यावरचे आकडे आधी मार्करनं लिहिले होते. नायट्रोच्या, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या हेलींच्या, इंधनातल्या मिथेनॉलनं दुपारपर्यंत निम्मे आकडे पुसून गेले, १७ चा १ झाला आणि १ नंबरवाला माझ्याकडे तावातावानं आला. आता आकडे तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं डाग देऊन काढलेत. बोर्डाजवळ उभं राहिलं तर अजून जळक्या लाकडाचा वास येतो.

मी पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतो. पहिला नंबर माझा का नाही?

पहिल्या वर्षी तोच नियम होता: जो आधी येईल त्याचा चिमटा आधी. वरकरणी याच्याइतकं न्याय्य काही नाही. साडेपाच-सहाला जे पोचले ते सगळे गाडीवाले होते. लोकलनं येणारी पोरं कर्जतला उतरली, टमटममध्ये हेली मांडीवर धरून मैदानावर आली, तोवर आठ वाजायला आले होते आणि चारही दोऱ्यांवर चिमट्यांची रांग लागलेली. त्यांचा पहिला नंबर आला साडेदहाला, वारा उठल्यावर. त्यातला एक कॉलेजातला मुलगा होता. हेली मालडब्यातून आणलेली, मासळीच्या टोपल्यांच्या शेजारी उभा राहून, पाती काढून गुंडाळून. त्यानं वाऱ्यात दोन मिनिटं हॉव्हर करायचा, म्हणजे हेली एका जागी तरंगत ठेवायचा, प्रयत्न केला आणि गप्प उतरवून ठेवली. त्या दिवशी नियम मी केलेला होता, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता.

आता पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या आदल्या रात्री निघतात, ग्रुपवर, व्हिडिओ चालू ठेवून. लवकर आलात तर मंडप बांधायला हात लावा. नंबर चिठ्ठीत असेल तोच. पहिल्या फेरीनंतर मात्र दोरीवर जसा लावाल तसा.

याच्याशी जोडून: नायट्रोचं इंधन ज्वालाग्राही आहे, ते रेल्वेतून नेणं गुन्हा आहे. लोकलनं येणाऱ्या नायट्रोवाल्यांचे कॅन गाडीवाले आणतात. ही उपकाराची गोष्ट नाही, मेळाव्याचा भाग आहे. गाडीत जागा असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा.

सकाळचा चांगला वेळ नवख्यांना का देता? ते नुसते हॉव्हरच करतात.

सर्वांत जास्त कुरबूर याच नियमावर होते, म्हणून जरा सविस्तर.

सात ते दहा हा वेळ सोन्यासारखा. हवा पडलेली असते, सूर्य पाठीशी असतो, धसकटांवर दव असतं. ऊन तापलं की वारा उठतो आणि दुपारी तर मंडपाचे बांबू धरून बसायला लागतं. आता एक पाळी दहा मिनिटांची धरा: चारपाच मिनिटं उडवणं, बाकी वेळ चालत जाणं, सगळ्या हालचाली एकदा तपासणं, स्पूल अप (रोटर वेगात आणणं), उतरवल्यावर पाती थांबायची वाट बघणं. एका जागेवर तासाला सहा पाळ्या. चार जागा, तीन तास: ७२. चाळीस माणसं. माणशी दोनही नाहीत, पावणेदोन. मेळाव्यात जे वाटून घ्यायचं आहे ते एवढंच, या ७२ पाळ्या. दुपारच्या पाळ्या कोणीच मागत नाही. एकनंतर दोऱ्या रिकाम्या लोंबत असतात.

ज्याला टिक-टॉक आणि पायरोफ्लिपसारख्या थ्रीडी, म्हणजे उलट्यासुलट्या, कसरती येतात त्याला ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात काही फरक पडत नाही. थोडी पिच (पात्यांचा कोन) जास्त, थोडं लक्ष जास्त. काहींना तर तेच आवडतं. पण जो टेल-इन (शेपूट आपल्याकडे) हॉव्हर सोडून पहिल्यांदा नोज-इनला (नाक आपल्याकडे) वळतोय, त्याच्यासाठी तोच वारा म्हणजे मशीन घरी पिशवीतून नेणं. तेव्हा दोघांनाही सारखी मिनिटं दिली आणि एकाला पडलेल्या हवेत, दुसऱ्याला वाऱ्यात, तर कागदावर समान वाटप झालं पण प्रत्यक्षात एकाला उडवायला मिळालं आणि दुसऱ्याला पार्ट मागवायला.

म्हणून सात ते साडेआठ: दोन जागा फक्त शिकणाऱ्यांना आणि लहान हेलींना, म्हणजे साडेचारशे आणि त्याखालच्या. उरलेल्या दोन सगळ्यांना. साडेआठनंतर चारही सगळ्यांना. "मी पण शिकतोच आहे" असं म्हणून तिथे सातशेची थ्रीडी मशीन घेऊन येणारे दर वर्षी एकदोघं निघतात. त्यांना आम्ही पन्नास सेकंद नोज-इन हॉव्हर करायला सांगतो. जमला की ते शिकणारे नाहीत. नाही जमला तर जागा खुशाल घ्या, इतकं सोपं.

माझी बॅटरी चार मिनिटांत संपते. नायट्रोवाला नऊ मिनिटं उडवतो. हा अन्याय नाही का?

आहे थोडा. आम्ही पाळी मिनिटांत मोजत नाही, उड्डाणांत मोजतो: एक पॅक (बॅटरी) किंवा एक टाकी, आणि कमाल मर्यादा आठ मिनिटं. नायट्रोवाल्याला आठव्या मिनिटाला उतरायला लागतं, टाकीत उरलं असलं तरी. त्याच्या टायमरचा आवाज स्पॉटरला, म्हणजे मागे उभं राहून लक्ष ठेवणाऱ्याला, ऐकू आला पाहिजे.

काहींचं म्हणणं, सरसकट पाच मिनिटं ठेवा. ठेवून बघितलं. मग इलेक्ट्रिकवाले चार मिनिटांच्या पॅकवर पाचवं मिनिट ओढायला लागले, कारण "हक्काचं आहे". लायपोतला, म्हणजे आपल्या लिथियम बॅटरीतला, शेवटचा वीस टक्के हा उडवण्यासाठी नसतोच. तो खाल्ला की पॅक फुगतो आणि लोडखाली व्होल्टेज असं कोसळतं की उतरताना हेडस्पीडच राहत नाही. घड्याळाच्या न्यायापायी दोघांचे पॅक फुगले, एकाची स्किड्स मोडली. त्यानंतर उड्डाणावर आलो.

लागोपाठ दोन पॅक उडवले तर चालेल?

मागे कोणाचा चिमटा नसेल तर चालेल. असेल तर नाही.

नंबर येतो तेव्हा माझा पॅक चार्जच झालेला नसतो. काय करू?

ही खरी अडचण आहे आणि तिचा आकाशाशी संबंध नाही, जनरेटरशी आहे. बारा सेलचा ५००० एमएएचचा पॅक २सी नं, म्हणजे अर्ध्या तासात भरेल अशा वेगानं, चार्ज करायचा तर दहा अँपिअर लागतात, म्हणजे पन्नास व्होल्टला पाचशे वॅट. दोन किलोवॅटच्या जनरेटरवर असे चार्जर तीन, फार तर चार. पाचवा लावला की जनरेटर खोकायला लागतो आणि सगळ्यांचेच चार्जर बंद पडतात. आमच्याकडे दोन जनरेटर असतात. म्हणजे एका वेळी सातआठ जण, अर्ध्या तासाला. चाळीस माणसांत हे पुरत नाही.

तेव्हा: घरून पॅक भरूनच आणा, निदान दोन. सकाळी नऊपर्यंत चार्जिंगचा पॉइंट फक्त लोकलनं आलेल्यांना आणि बाहेरगावच्यांना. एका माणसाला एका वेळी एकच प्लग. एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडून आपल्या तंबूपर्यंत वायर नेणाऱ्याची वायर काढून ठेवली जाईल. हवेतून नुकताच उतरलेला गरम पॅक चार्जरला लावायचा नाही, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आणि चार्जिंगचं टेबल सोडून जेवायला जायचं नाही. पेटलेल्या लायपोवर ओतायला वाळूची बादली तिथे आहे, तिच्यात सिगारेट विझवू नका.

नंबर आला आणि तुम्ही तयार नसलात तर एक नंबर मागे सरका. दुसऱ्यांदा तसंच झालं तर चिमटा शेपटाला.

चांगले पायलट मधल्या लाइनवर अर्धा अर्धा तास उडवतात. त्यांना वेगळा न्याय का?

अर्धा तास एकट्याला कोणालाच मिळत नाही. अर्ध्या तासात पाचसहा जण असतात. पण मुद्दा खरा आहे की तेवढा वेळ चारही जागा बंद असतात. मोठ्या थ्रीडी उड्डाणाच्या वेळी बाजूला कोणी उडवणं धोक्याचं.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सीला इर्चाचा, म्हणजे आर.सी. हेलिकॉप्टरवाल्यांच्या संघटनेचा, मोठा मेळावा भरतो. तिथे मॉडेल विमानवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेची हजार एकरांहून मोठी जागा आहे, त्यामुळे बघण्यासारखी उड्डाणं एकीकडे आणि बाकीच्यांची दुसरीकडे एकाच वेळी चालू शकतात. आमच्याकडे एका शेतकऱ्याचं भाताचं शेत आहे, आणि तेही त्यांनी वाल पेरायला घेतले की अर्धं होतं. म्हणून दाखवायची उड्डाणं आम्ही साडेअकरा ते बारा ठेवली. वारा असतो, पण त्यांना तो चालतो, गावातली माणसंही तोवर बघायला जमलेली असतात आणि बाकीचे जेवायला बसतात. सकाळी सातला "हवा मस्त आहे, एक डेमो होऊन जाऊ दे" असं कोणी सुचवलं तर बोर्डावरचा माणूस नाहीच म्हणणार, सुचवणारा कितीही मोठा पायलट असो. एक जण यावरून रुसून पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला.

माझं स्केल मॉडेल आहे. थ्रीडीवाल्यांच्या मधे मला उडवायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. दोन-दोन वर्षं खपून बनवलेलं, खऱ्या हेलिकॉप्टरची हुबेहूब नक्कल असलेलं मॉडेल, आणि शेजारच्या जागेत कोणी तरी उलटी हेली गवत कापत नेतोय. स्केलची पाळी वेगळी असते: दहा ते साडेदहा, चारपैकी दोनच जागा चालू, आणि त्या वेळात थ्रीडी नाही. स्केलवाल्यांना आठ मिनिटांची मर्यादा लावतो, पण खरं सांगायचं तर टायमर वाजला तरी मी दुसरीकडे बघतो.

आमच्यात एक काका आहेत, चेतक हेलिकॉप्टरचं मॉडेल आणतात, नौदलाच्या रंगात. ते उचलल्यावर घाई करत नाहीत. कुलाब्याला नौदलाच्या शिक्रा तळावरचं खरं चेतक जसं जरा नाक खाली घालून समुद्राकडे निघतं, तसं निघतात, बांधापर्यंत जातात, वळतात, परत येतात. बस्स, एवढंच. पण त्या वेळी चार्जिंगच्या टेबलावरची माणसंही उठून पुढे येतात. या अर्ध्या तासाबद्दल आजवर एकाही थ्रीडीवाल्यानं तक्रार केलेली नाही.

पाळीच्या पहिल्याच मिनिटाला क्रॅश झालो. वेळ भरून मिळेल का?

नाही. पण दुसरी हेली तयार असेल तर पुढच्या माणसाला विचारून उडवा. बहुतेक जण हो म्हणतात. अवशेष आणायला लगेच धावू नका. बाकीच्या तिघांनी उतरून होल्ड मारल्यावर (मोटर-इंजिन तोडल्यावर) लाइनवाला हात वर करेल, मग जा. यात त्या तिघांची दोनतीन मिनिटं जातात, ती त्यांना वाढवून मिळतात. त्यांच्यातला कोणी लायपोवाला असेल तर त्याला पुढची पाळी आधी. आणि वालाच्या वाफ्यांतून सरळ चालत जायचं नाही, बांधावरून जायचं. हेलीपेक्षा ते रोप शेतमालकांना जास्त प्रिय आहे, आणि मैदान त्यांचं आहे.

हवेत असताना कोणी "डेड" ओरडलं तर काय करायचं?

ज्याचं इंजिन किंवा मोटर बंद पडली तो ओरडतो. त्याच्या हातात ऑटोरोटेशनचा, म्हणजे नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरण्याचा, एकच प्रयत्न असतो, पात्यांत साठलेल्या गतीएवढा. बाकीच्यांनी आपापली हेली बाहेरच्या बाजूला नेऊन वर थांबायचं. पाळी कोणाची, जागा कोणाची, हे सगळं त्या क्षणी रद्द. "लँडिंग" ओरडणाऱ्याचंही तेच, त्याचा पॅक संपत आलेला असतो आणि त्याला थांबता येत नाही.

स्पॉटर व्हावंच लागतं का? मला नुसतं उडवायचंय.

व्हावंच लागतं. उडवून उतरलात की तुमच्या जागेवरच्या पुढच्या माणसाचे डोळे तुम्ही. त्याच्या मागे उभं राहायचं, शेजारच्या हेलीवर, मधे येणाऱ्या माणसांवर, कुत्र्यांवर, बगळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि टायमर सांगायचा. ती पाळी झाल्यावरच तुमचा चिमटा परत दोरीवर लागतो. यामुळे मागे कोणी असेल तर कोणीही सलग उडवू शकत नाही, हे आमच्या नंतर लक्षात आलं. नियम केला होता सुरक्षिततेसाठी आणि निम्मं वाटप त्यानंच सोडवलं.

गप्पा मारणारा स्पॉटर हा स्पॉटर नव्हे.

माझ्या मुलीला एकदा उडवून बघायचंय. तिच्यासाठी वेगळा चिमटा मिळेल?

मिळेल, पिवळा. दोन रेडिओ बडी बॉक्सनं जोडून, अनुभवी माणूस शेजारी, गरज पडली की ताबा त्याच्याकडे. तिची पाळी सात ते साडेआठमध्येच, तीन मिनिटांची. तुम्ही मागे उभे राहून "अगं डावीकडे, डावीकडे" करणार असाल तर चहाच्या टेबलापाशी थांबा.

ड्रोन आणि विमानं चालतात का?

या मेळाव्यात नाही.

एवढ्या लांब कर्जतला का? शिवाजी पार्कला एखाद्या रविवारी पहाटे उडवलं तर?

तुम्हाला पोलीस स्टेशन आवडत असेल तर उडवा. मुंबई पोलीस आपल्या हद्दीत ड्रोन, रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर वगैरेंवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, आणि "हे ड्रोन नाही, हेली आहे" हा युक्तिवाद रस्त्यावर उभं राहून जिंकता येत नाही. त्यात सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचं हेलिकॉप्टरांचं मैदान, कुलाब्याचा नौदलाचा तळ, आणि आता नवी मुंबईचा विमानतळ. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा विभाग, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणारा, ६० मीटर उंचीपर्यंतच असतो, त्यापलीकडे १२० मीटरपर्यंत. नकाशावर या वर्तुळांमधून मुंबईत काय उरतं ते स्वतः बघा. याच नियमांत २५ किलोखालचं, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल अशी वेगळी व्याख्या आहे. आपण त्यात बसतो. तरी मेळाव्याआधी नकाशा तपासणं आणि स्थानिक पोलिसांना पत्र देणं ही दोन कामं होतातच. त्यामुळे १२० मीटरची उंची ही आमच्याकडे विनंती नाही.

वाऱ्यामुळे किंवा धुक्यामुळे सकाळच गेली तर?

डिसेंबरात धुकं कधी कधी साडेआठपर्यंत बसतं. मग शिकणाऱ्यांचा दीड तास पुढे सरकतो, रद्द होत नाही. कापला जातो तो बाकीच्यांचा वेळ. दिवसभर वारा राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिकणाऱ्यांना तीन जागा. अवकाळी पाऊस आला तर कांदाभजी.

कोणी वेळेपेक्षा जास्त उडवत राहिला तर ओरडायचं का?

नाही. हवेत हेली असलेल्या माणसावर ओरडू नका, तो दचकला तर आपल्याच अंगावर येईल. स्पॉटर एकदा सांगतो: "दादा, झाला वेळ." दुसऱ्यांदा अर्ध्या मिनिटानं. उतरल्यावर बोर्डावरचा माणूस त्याचा चिमटा उलटा लावतो, आकडा आतल्या बाजूला. उलटा चिमटा म्हणजे पुढची एक पाळी हुकली. भांडण नाही, बोलणं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो उलटा चिमटा बघतो, आणि चेष्टा संध्याकाळपर्यंत पुरते.

आतापर्यंत सहासात चिमटे उलटे झालेत. त्यातला एक माझा.

बाहेरगावच्यांना जास्त पाळ्या मिळतात असं ऐकलं.

पहिल्या फेरीच्या चिठ्ठीत त्यांची नावं दोनदा टाकतो, बस्स. नाशिकहून रात्रीचा प्रवास करून आलेल्या माणसाला दुपारच्या वाऱ्यात उभं करणं बरं दिसत नाही. मुंबईकरांना पुढच्या रविवारीही मैदान आहेच.

चिमटा चुकून खिशातच राहिला आणि घरी आला. काय करू?

फोटो ग्रुपवर टाका, म्हणजे मी तंबूखाली शोधत बसणार नाही, आणि पुढच्या वेळी आणून द्या. ११ नंबरचा चिमटा असाच आठ महिने बेपत्ता होता. शेवटी विरारहून एका वहिनींनी फोटो पाठवला: बाल्कनीतल्या दोरीवर टॉवेल, टॉवेलला ११ नंबर. खाली लिहिलं होतं, "यांचा नंबर अजून लागलेला नाही."